इंग्लंडच्या जुन्या फर्निचरवरील फुलांची मार्केट्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाकडाच्या पातळ पापुद्र्यांतून फुले, पाने आणि पक्षी साकारणारी ही कला इंग्लंडमध्ये १६६० नंतरच्या अर्धशतकात बहरली, मध्यंतरी जवळजवळ लोप पावली आणि पुढे दोनदा पुन्हा डोके वर काढती झाली. असे फर्निचर संग्रहालयांत पाहणारे, लिलावात विकत घेऊ इच्छिणारे किंवा घरात वारशाने आलेले कपाट सांभाळणारे वाचक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

मार्केट्री म्हणजे नेमके काय, आणि जडावकामाहून ती वेगळी कशी?

जडावकामात कारागीर अखंड लाकडात खोबण कोरतो आणि त्या खोबणीत दुसरे लाकूड, हाड, शिंपला किंवा धातू बसवतो. मूळ लाकूड त्याच्या भोवती दिसतच राहते. इंग्लंडमध्ये असे काम एलिझाबेथ राणीच्या काळापासून होते. डर्बीशायरमधील हार्डविक हॉल येथे असलेले सुमारे १५६८ सालचे एग्लंटाईन टेबल हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. मार्केट्रीत मात्र मूळ लाकूड दर्शनी भागावर कोठेच दिसत नाही. निरनिराळ्या लाकडांचे पातळ पापुद्रे, म्हणजे व्हिनियर, चित्राच्या आकारात कापायचे, ते एकमेकांत बसवून सलग पत्रा तयार करायचा आणि तो पत्रा गरम सरसाने ओक किंवा पाईनच्या साध्या सांगाड्यावर चिकटवायचा, अशी तिची रीत आहे. फूल आणि फुलाभोवतीची जमीन ही दोन्ही सारख्याच जाडीची व्हिनियर असतात. वस्तूची देखभाल आणि दुरुस्ती यांविषयीचे पुढचे सगळे प्रश्न या एका गोष्टीवर येऊन ठेपतात.

ही कला इंग्लंडमध्ये कशी आली?

१६६० साली दुसरा चार्ल्स परदेशातील वास्तव्य संपवून गादीवर परतला, तेव्हा त्याच्यासोबत परतलेल्या दरबारी मंडळींनी फ्रान्स आणि नेदरलँड्समधील राजवाडे व श्रीमंत घरे पाहिलेली होती. ओकचे जाड, कोरीव फर्निचर त्यांना आता जुनाट वाटू लागले. पाठोपाठ १६६६ च्या मोठ्या आगीत लंडनचा बराच भाग जळून गेला आणि नव्या घरांसाठी नव्या फर्निचरची मागणी एकदम वाढली. त्या सुमारास पॅरिसमध्ये पियेर गोल हे मूळचे डच कारागीर राजासाठी फुलांची मार्केट्री करत होते. पुढे अ‍ॅमस्टरडॅममध्ये यान फान मेकेरेन यांनी अख्ख्या कपाटाचे दरवाजे एकाच भव्य पुष्परचनेने भरून टाकले. या दोन्ही परंपरांतील कारागीर आणि त्यांचे हातखंडे लंडनला पोहोचले. १६८५ मध्ये फ्रान्सने प्रॉटेस्टंट पंथीयांना दिलेले धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा ह्यूगनॉ, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, कुशल कामगारांची मोठी लाट इंग्लंडात आली. आणि १६८९ पासून ऑरेंजचा विल्यम व मेरी गादीवर बसल्याने डच अभिरुची थेट राजवाड्यातच आली.

लंडनमधील या कामाशी जोडले जाणारे सर्वांत मोठे नाव गेरिट जेन्सन यांचे आहे. १७१५ साली निधन होईपर्यंत त्यांनी दुसऱ्या चार्ल्सपासून अ‍ॅन राणीपर्यंतच्या राजवटींत राजघराण्याला फर्निचर पुरवले. त्या काळात इंग्लंडमध्ये वस्तूवर सही करण्याची प्रथा नव्हती, म्हणून जेन्सन यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तूंचे श्रेय शैलीवरून आणि जुन्या हिशेबांवरून दिलेले असते. विक्रेत्याने एखादे नाव फार ठामपणे सांगितले, तर त्याच्याकडे कागदोपत्री आधार मागावा.

त्यात कोणती फुले दिसतात?

ट्युलिप, गुलाब, कार्नेशन, डॅफोडिल आणि जाई ही फुले पुन्हा पुन्हा भेटतात. ती सहसा फुलदाणीतून किंवा फितीने बांधलेल्या गुच्छातून वर येतात आणि मधूनमधून पोपट, फुलपाखरे किंवा किडेही दिसतात. ही मांडणी डच पुष्पचित्रांतून आणि छापील आकृत्यांतून घेतलेली आहे. त्यामुळेच एप्रिलमधील ट्युलिप आणि उन्हाळ्यातील कार्नेशन एकाच फुलदाणीत सुखाने नांदतात. १६७० ते १६९० या काळातील इंग्रजी कामाची एक खूण डोळ्यांत भरते, ती म्हणजे हाडाची किंवा हस्तिदंताची पांढरी जाई आणि हिरव्या रंगात बुडवलेल्या हाडाची तिची पाने. भोवतालचे लाकूड कितीही काळवंडले, तरी ही जाई आजही उठून दिसते.

कोणकोणती लाकडे वापरली जात?

जमिनीसाठी प्रामुख्याने अक्रोड वापरला जाई आणि गडद परिणाम हवा असेल तेथे एबनी. फुलांसाठी हॉली, सिकॅमोर, बॉक्सवूड आणि पेअरची फिकट, घट्ट वीणीची लाकडे घेत, कारण ती बारीक करवतीखाली तुटत नाहीत आणि रंगही चांगला धरतात. ऑलिव्ह किंवा लॅबर्नमच्या फांद्या आडव्या कापून काढलेल्या गोल चकत्या फुलांच्या चौकटीभोवती शेजारी शेजारी बसवलेल्या दिसतात. त्यांच्यातील वर्तुळे कालवाच्या शिंपल्यासारखी भासतात आणि व्यापारातही त्यांना ऑयस्टर व्हिनियर असेच म्हणतात. व्हिनियर हाताच्या करवतीने कापलेले असल्यामुळे त्याची जाडी साधारण दीड ते अडीच मिलिमीटर असे. आज यंत्रावर कापलेले व्हिनियर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते.

पाकळ्यांवरील सावली रंगवलेली असते का?

नाही, ती भाजलेली असते. भडभुंजा जशी वाळू तापवतो, तशी कारागीर पसरट भांड्यात बारीक वाळू तापवत असे आणि कापलेल्या पाकळीची कड चिमट्याने धरून तीत काही क्षण खुपसत असे. वाळू तळाशी जास्त तापलेली आणि वर कमी तापलेली असल्याने पाकळीची कड गडद होते आणि आतला भाग क्रमाक्रमाने फिकट राहतो. जॉन एव्हलिन यांच्या १६६४ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या वृक्षांवरील ग्रंथात या पद्धतीचे वर्णन येते. ही भाजणी लाकडात आतपर्यंत उतरते, म्हणून रंगाची सावली पुसली गेली तरी ती टिकते. शाईने किंवा कुंचल्याने काढलेली सावली भिंगाखाली सपाट आणि एकसारखी दिसते. भाजलेल्या सावलीची कड धुरकट असते. मला स्वतःला या कलेतले सर्वांत मोठे कसब येथेच दिसते, कारण क्षणभर उशीर झाला तर पाकळी कोळसा होऊन आक्रसते आणि मग जागेवर बसत नाही.

इतके बारीक तुकडे एकमेकांत अचूक कसे बसत?

रेखाटनाच्या अनेक प्रती काढल्या जात. काही कारागीर प्रत्येक तुकडा वेगळा कापत, तर काही जण गडद आणि फिकट व्हिनियरचे थर एकावर एक ठेवून, वर रेखाटन चिकटवून, सगळा गठ्ठा एकदम कापत. दुसऱ्या पद्धतीत गडद थरातून निघालेले फूल फिकट थरातील रिकाम्या जागेत बसते आणि एका कापणीत दोन उलटसुलट नमुने मिळतात. करवतीच्या पात्याइतकी फट राहते आणि ती सरसाने भरली जाते. तयार पत्र्यावर कागद चिकटवून तो उलट्या बाजूने सांगाड्यावर दाबत. कागद काढला की चित्र दिसे. शेवटी पानांच्या शिरा आणि पाकळ्यांच्या रेषा टोचणीने कोरून त्यांत काळे भरण भरत. या कोरीव रेषा फार उथळ असतात, हे लक्षात ठेवावे.

आज हे फर्निचर तपकिरी दिसते. ते पहिल्यापासून असेच होते का?

मुळीच नाही. जे आपण आज पाहतो ते रंग गमावलेले चित्र आहे. पाने हिरवी, फुले लाल, पिवळी, निळी आणि जमीन गडद असे त्याचे मूळ रूप होते. रंगासाठी नीळ, जंगाल, ब्राझिलवूड आणि लॉगवूड यांसारखे पदार्थ वापरत आणि अठराव्या शतकात सिकॅमोर हिराकसाच्या पाण्यात ठेवून त्याला चंदेरी करडी छटा आणत. वनस्पतींपासून काढलेले रंग उजेडात टिकत नाहीत. त्यातच अक्रोड उन्हाने फिकट होतो आणि हॉली पिवळसर पडतो. एक गडद होत जाणारा आणि एक फिकट होत जाणारा असे दोन्ही रंग दोनतीन शतकांत एकमेकांच्या इतके जवळ येतात, की फूल आणि जमीन यांतील भेद जेमतेम उरतो.

मूळ रंग पाहायचा असेल तर जेथे उजेड पोहोचला नाही तेथे पाहावे. नेहमी बंद राहिलेल्या दाराची आतली बाजू, लिहिण्याच्या कपाटातील आतले छोटे खण, नंतर बसवलेल्या पितळी पट्टीखालचा भाग, अशा ठिकाणी हिरवा आणि तांबडा अजून सापडतो. दुरुस्ती करताना सुटलेल्या तुकड्याची मागची बाजू पाहिली, तरी तो रंग किती झगझगीत होता ते कळते. तो पाहून अनेकांना धक्का बसतो, कारण जुने म्हणजे संयत आणि मंद अशी आपली समजूत असते. सतराव्या शतकातील श्रीमंत इंग्रज घराला मंद रंग नको होते.

अशी मार्केट्री कोणत्या वस्तूंवर आढळते?

खणांचे कपाट, चौरंगासारख्या घडवंचीवर ठेवलेले दुदारी कपाट, लिहिण्याचे मेज, आरशाची चौकट आणि पेटीचे उंच घड्याळ या मुख्य वस्तू. मेज, वर आरसा आणि दोन्ही बाजूंना मेणबत्त्यांचे उभे स्टँड असा संच खिडक्यांमधील भिंतीवर मांडण्याची पद्धत होती. आज असा संच मोडल्याशिवाय क्वचितच हाती लागतो.

घड्याळांचा वेगळा उल्लेख करायला हवा. क्रिस्टियान हायगेन्स यांनी १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ सिद्ध केले आणि दोनच वर्षांत लंडनमधील फ्रोमन्टील या घड्याळजी घराण्याने ते विकण्याची जाहिरात दिली. लंबक लांब झाला तशी घड्याळाची पेटी उंच आणि अरुंद झाली आणि तिच्या उभ्या दारावर फुलदाणी फार सुंदर बसे. एका पेटीवर तीन वेगवेगळ्या चौकटींतील पुष्परचना, त्यानंतर पेटीभर पसरलेली फुले आणि शेवटी बारीक वेलबुट्टी, असा क्रम घड्याळांवर स्पष्ट दिसत असल्याने अभ्यासक शैलीचा काळ ठरवताना घड्याळांचा आधार घेतात.

मग ही पद्धत मागे का पडली?

१६९० नंतर फुलांची जागा हळूहळू समुद्रशेवाळासारख्या बारीक, वळणदार वेलबुट्टीने घेतली. तीत दोनच रंगांची लाकडे असत आणि करवतीचे कौशल्य कमालीचे असे. तरीही सुरुवातीच्या मोकळ्या पुष्परचनांतील जिवंतपणा मला तीत आढळत नाही. १७१० च्या सुमारास अ‍ॅन राणीच्या काळात साध्या, सुंदर नसांच्या अक्रोडाची आवड वाढली. १७०९ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात युरोपातील अक्रोडाची अगणित झाडे मेली आणि १७२१ मध्ये ब्रिटिश वसाहतींतील लाकडावरील आयात कर उठल्यावर वेस्ट इंडीजमधून महोगनी येऊ लागली. महोगनी अखंड कोरण्याचे लाकूड असल्याने पुढच्या पिढीने आपले कसब कोरीव कामात ओतले.

अठराव्या शतकात ती परत कशी आली?

फ्रेंच मार्गाने आली. पियेर लांग्ल्वा यांनी १७५९ च्या सुमारास लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवर कार्यशाळा थाटली आणि फुगीर अंगाच्या कमोडवर, म्हणजे दिवाणखान्यातील शोभेच्या बुटक्या कपाटांवर, फुलांचे गुच्छ पुन्हा उमलले. जॉन कॉब यांनी १७७२ मध्ये विल्टशायरमधील कॉर्शम कोर्टसाठी केलेला कमोड याच परंपरेतला आहे. मात्र वास्तुरचनाकार रॉबर्ट अ‍ॅडम यांच्या प्रभावाखाली लवकरच फुलांची जागा कलश, माळा आणि रोमन आकृत्या घेऊ लागल्या. थॉमस चिपेंडेल यांनी १७७३ मध्ये यॉर्कशायरमधील हेअरवुड हाऊससाठी केलेल्या डायना आणि मिनर्व्हा कमोडचे बिल ८६ पौंड झाले होते. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती.

एकोणिसाव्या शतकातील काम कसे ओळखावे? डच आणि इंग्रजी काम यांत फरक काय?

सर्वाधिक फसगत येथेच होते. नेदरलँड्समध्ये अठराव्या शतकातील साध्या अक्रोडी किंवा महोगनी कपाटांवर एकोणिसाव्या शतकात फुलांची मार्केट्री नव्याने चढवली गेली. सांगाडा खरोखर जुना असतो, खण जुने असतात, पण फुले शंभर वर्षांनी धाकटी असतात. अशा कामात फुले प्रत्येक रिकाम्या जागेवर पसरलेली, काहीशी सुट्टी आणि एकसुरी दिसतात. सतराव्या शतकातील इंग्रजी कामात ती बहुधा लंबगोल किंवा कोपरे वळवलेल्या चौकटींत बांधलेली असतात. इंग्रजी सांगाडा पुष्कळदा पाईनचा असतो, डच सांगाडा ओकचा. लंडनमध्येही एडवर्ड होम्स बाल्डॉक यांच्यासारखे व्यापारी जुन्या तुकड्यांतून नवे फर्निचर घडवत आणि स्वतःच्या कार्यशाळेतील फुलांची टेबलेही विकत. व्हिक्टोरियन काम मुळात वाईट नसते. त्यातील काही कापणी तर आधीच्या शतकांहूनही बारीक आहे. ते सतराव्या शतकातील म्हणून विकले जाते, तेव्हाच ते आक्षेपार्ह ठरते.

विकत घेण्यापूर्वी काय तपासावे?

प्रथम खण पूर्ण बाहेर काढा. आतील लाकूड कोरडे, रंगवलेले नसलेले आणि घासल्याच्या खुणा असलेले हवे. खणाच्या कडेवर व्हिनियरची जाडी दिसते. ती कागदासारखी पातळ असेल, तर काम उशिराचे आहे किंवा कोणीतरी पृष्ठभाग घासून काढला आहे. सतराव्या शतकातील कपाटाला मुळात चेंडूसारखे गोल पाय असत. आज त्याला दुसरे पाय असतील तर तळाशी जुन्या पायांच्या खुंटीची भोके शोधावीत. घडवंचीवरील कपाटांच्या घडवंच्या मोडत असल्याने त्या अनेकदा नव्या असतात. त्यामुळे वस्तू खोटी ठरत नाही, पण किमतीत ही गोष्ट धरायला हवी.

नंतर तिरप्या उजेडात पृष्ठभाग पाहा. खरा जुना पृष्ठभाग किंचित लहरी असतो आणि खालच्या फळ्या आक्रसल्याने सरळ बारीक भेगा पडलेल्या असतात, त्या फुलांमधूनही आरपार जातात. जुन्या वस्तूवर असे काहीच नसेल, तर शंका घ्यावी. बोटाच्या नखाने हलकेच टकटक केल्यास सुटलेले व्हिनियर पोकळ आवाज देते. आणि कोरीव शिरा शोधा. त्या नाहीशा झाल्या असतील तर वस्तूवर काचकागद फिरलेला आहे, आणि जे गेले ते परत येत नाही.

किंमत किती असते?

तीत प्रचंड तफावत असते. तपकिरी लाकडाच्या जुन्या फर्निचरची मागणी गेल्या दोन दशकांत घटली असली, तरी मूळ पृष्ठभाग आणि ठाऊक असलेला पूर्वेतिहास असलेल्या वस्तूंना आजही चांगला भाव येतो. दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या किमतीहून जास्त होऊ शकतो, हे आधी जमेस धरावे.

मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात असे फर्निचर टिकेल का?

टिकेल, पण ओलाव्यातील चढउतार सांभाळावे लागतील. सरस पाण्यात विरघळतो आणि पावसाळ्यात हवेतूनही ओल ओढून मऊ होतो. लाकूड फुगते, एअर कंडिशनर लावला की आक्रसते आणि या ओढाताणीत व्हिनियर सुटते. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान स्थिर राहिल्यास उत्तम. वस्तू बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, तिच्यावर थेट वाऱ्याचा झोत येऊ देऊ नये आणि खिडकीचे ऊन पडदा लावून अडवावे. दर पावसाळ्यात एअर कंडिशनर दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवण्यापेक्षा तो अजिबात न लावणे बरे.

पुसण्यासाठी कोरडे, मऊ कापड पुरे. तुसे निघालेल्या ठिकाणी कापडही नको, कारण धागा अडकून पाकळी उचलली जाते. तेथे मऊ ब्रश वापरावा. वर्षातून एकदा मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. फवाऱ्याचे पॉलिश, खोबरेल आणि जवसाचे तेल कटाक्षाने टाळावे. तेल फटींत मुरते, काळे पडते आणि पुढच्या दुरुस्तीत सरस धरू देत नाही. लाकडाला बारीक भोके आणि खाली ताजी पांढरी भुकटी दिसली तर किड जिवंत आहे असे समजून वस्तू लगेच इतरांपासून दूर ठेवावी.

सुटलेला तुकडा घरच्या सुताराकडून चिकटवून घ्यावा का?

तुकडा पाकिटात घालून, तो कोठून निघाला ते लिहून, त्याच कपाटाच्या खणात ठेवावा. बाजारातील पांढऱ्या गोंदाने तो चिकटवू नये. सरस उष्णता आणि ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो, म्हणून पुढच्या कारागिराला चूक दुरुस्त करण्याची संधी राहते. पांढरा गोंद ती ठेवत नाही. आपल्याकडच्या अनेक कुशल सुतारांना जुन्या लाकडाला काचकागद मारून, लाखेचे पॉलिश चढवून नवे रूप देण्याची सवय असते. सागवानी खुर्चीला ते चालते. येथे व्हिनियर दोन मिलिमीटरचे आहे, कोरीव रेषा त्याच्याही वरच्या थरात आहेत, आणि एका दुपारच्या घासणीत तीनशे वर्षांचे काम निघून जाते. म्हणून संवर्धनाचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती मिळेपर्यंत काहीही न करणे हाच योग्य उपाय आहे, मग त्याला वर्ष लागले तरी हरकत नाही.

हस्तिदंत असलेली वस्तू भारतात आणता येईल का?

खरेदीपूर्वी कायदेशीर सल्ला घ्यावा. भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बंदी आहे. ब्रिटनमध्ये २०१८ चा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून लागू झाला असून १९४७ पूर्वीच्या आणि दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना नोंदणीनंतर सूट मिळते. जाईची फुले हाडाची असतील तर हा प्रश्न उद्भवत नाही. भिंगाखाली हाडात बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात, हस्तिदंत मात्र गुळगुळीत असतो.

मुंबईच्या जुन्या जडावाच्या पेट्यांचा याच्याशी संबंध आहे का?

थेट नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईतून इंग्लंडला जाणाऱ्या सादेली कामाच्या चंदनी पेट्यांत लाकूड, हस्तिदंत आणि कथिलाच्या काड्या एकत्र चिकटवून त्यांच्या आडव्या चकत्या कापत. हे तंत्र इराणातून सिंध आणि सुरतमार्गे आले. केंट परगण्यातील टनब्रिज वेल्स येथे त्याच शतकात लाकडी काड्यांच्या चकत्यांतून फुले घडवत, ते काम तत्त्वतः याच्या जवळचे आहे. फुलांच्या मार्केट्रीत प्रत्येक पाकळी स्वतंत्र कापलेली असते.

इंग्लंडमध्ये हे फर्निचर कोठे पाहावे?

लंडनमध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयापासून सुरुवात करावी. रिचमंडजवळच्या हॅम हाऊसमध्ये सतराव्या शतकातील मार्केट्री तिच्या काळच्या दालनांत पाहता येते. संग्रहालयाच्या प्रखर दिव्यांपेक्षा तेथील खिडकीच्या उजेडात ती कितीतरी अधिक समजते. अठराव्या शतकातील कमोडसाठी लिव्हरपूलजवळच्या पोर्ट सनलाइटमधील लेडी लिव्हर आर्ट गॅलरी आणि लीड्सजवळचे हेअरवुड हाऊस गाठावे. वाटेत अ‍ॅमस्टरडॅमला थांबणे शक्य असेल, तर राइक्सम्युझियममधील फान मेकेरेन यांचे कपाट आधी पाहावे, म्हणजे इंग्रज कारागिरांनी काय घेतले आणि काय चौकटीत आवरून धरले ते लंडनला पोहोचताच लक्षात येते.